जंत दोन, गोळी एकच

मांजराला पट्टकृमी, म्हणजे आतड्यात राहणारा पट्टीसारखा चपटा जंत, झालाय हे बहुतेक वेळा डॉक्टरांच्या आधी घरातल्या माणसाला कळतं. बाकीचे जंत शोधायला विष्ठा तपासावी लागते. हा मात्र आपल्याच शेपटाकडचे तुकडे सुटे करून बाहेर सोडतो आणि बाहेर आल्यावरही ते तुकडे काही वेळ हलत राहतात. आमची मांजर ठकी खुर्चीत गाढ झोपली होती. तिच्या शेपटीच्या मुळाशी, केसांत, एक पांढरट दाणा दिसला. काहीतरी चिकटलं असेल म्हणून काढायला हात पुढे केला, तर दाणा लांब झाला, मग आखडला, मग पुन्हा लांब झाला.

किळस आली हे खरं. पण हातातलं काम टाकून मी आधी फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला. तो पुढे सगळ्यात उपयोगी पडला, कारण हे तुकडे हलायचे लवकरच थांबतात आणि वाळले की ओळखू येईनासे होतात. ताजा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, ताणला की सेंटीमीटरभर किंवा थोडा जास्त लांब होतो. वाळल्यावर तो पिवळसर, कडक, तिळाएवढा होतो. तसले तीळ ठकीच्या अंथरुणावरही सापडले. त्यातले दोन-तीन मी पाण्याच्या थेंबात ठेवले, तर ते फुगले आणि त्यांचा आकार ताज्या दाण्यासारखा दिसू लागला. मग शंकेला जागाच उरली नाही.

तरीही तिथेच थांबून औषध आणायला धावू नये असं माझं मत आहे. पांढरं आणि वळवळणारं प्रत्येक काही पट्टकृमी नसतं. लिटरच्या ट्रेमध्ये शी बराच वेळ पडून राहिली आणि माशी बसली, तर तिच्या अळ्याही होतात. गोलजंत असतील तर ते वेगळेच दिसतात: बारीक, गोल, दोन्ही टोकांना निमुळते, काही सेंटीमीटर लांब, कधी उलटीत वेटोळं करून पडलेले. पट्टकृमीचा तुकडा चपटा असतो आणि त्याला दोन स्पष्ट कडा असतात. तो शीवर, शेपटीखालच्या केसांत, अंथरुणावर, मांजर नुकतंच उठलेल्या जागी सापडतो. या सगळ्यांची औषधं एक नाहीत, म्हणून हा फरक आधी बघायचा.

सासूबाईंचं मत मात्र पक्कं होतं. "लसूण चारा तिला चार दिवस. जंत पडतात लसणाने."

"आई, मांजराला लसूण चालत नाही. रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने. कांदाही नाही चालत."

"मग तिला बाहेर ठेव तोवर. घरात लहान पोर आहे."

तो मुद्दा मात्र रास्त होता. त्याचं उत्तर मला डॉक्टरांकडूनच हवं होतं.

तुकडे न्यायची पद्धत साधी आहे. झाकणाची छोटी डबी घ्यायची, तळाला ओला कापूस किंवा पाण्याचे चार थेंब, आणि चिमट्याने तुकडा आत. कोरड्या कागदात गुंडाळून नेला तर तो कागदाला चिकटून सुकतो. मी डबीसोबत ताजी शीही नेली, दोन्ही तपासता येईल म्हणून. आणि इथे पहिली गंमत कळली. डॉक्टरबाईंनी शी नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे दाट द्रावणात ढवळून अंडी वर तरंगायला लावून, मायक्रोस्कोपखाली पाहिली. अहवाल स्वच्छ. एकही अंडं नाही. डबीत जंताचे तुकडे पडलेले, आणि शी म्हणते जंत नाहीतच.

"असंच होतं बहुतेक वेळा," त्या म्हणाल्या. "या जंताची अंडी शीत मिसळत नाहीत, तुकड्याच्या आतच बंद राहतात. तुकडा बाहेर येऊन फुटला की मग अंडी सुटतात. त्यामुळे नुसती शी तपासून मांजराला पट्टकृमी नाही असं कधीच म्हणू नका. तुम्ही डबी आणलीत ते बरं केलंत."

मग त्यांनी एक तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वरून दुसरी काच दाबली आणि मला मायक्रोस्कोपमध्ये बघायला लावलं. अंडी एकेकटी नव्हती. एका पारदर्शक पिशवीत अंड्यांचा घोळका, तिच्या शेजारी दुसरी पिशवी, तिसरी. दुसरा तुकडा न दाबता ठेवला तेव्हा त्याच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही कडांना एकेक बारीक छिद्र दिसलं. दोन छिद्रं आणि अंड्यांच्या पिशव्या या दोन खुणांवरून जंत ठरला: डिपिलिडियम कॅनिनम. नावात कुत्रा असला तरी मांजरात सगळ्यात जास्त आढळणारा पट्टकृमी हाच. लहान आतड्याच्या भिंतीला तो डोक्यावरच्या चार चूषकांनी आणि बारीक आकड्यांनी धरून बसतो. त्याला तोंड नाही, पोट नाही. सगळं अन्न कातडीतूनच शोषतो. लांबी अर्ध्या मीटरपर्यंत जाऊ शकते. माझ्या हाताच्या लांबीच्या मांजरात एवढा मोठा प्राणी राहतो आणि मांजर मात्र खाऊनपिऊन ठणठणीत, हे माझ्या पचनी पडायला वेळ लागला. पण धडधाकट मोठ्या मांजराला त्याचा त्रास खरंच फारसा होत नाही. कधी शेपटीखाली खाज, कधी उलटीत एखादा लांब तुकडा. लहान पिल्लांत जंतांची संख्या वाढली तरच वजन घटणं, आतडं अडणं असले प्रकार होतात.

डॉक्टरबाईंनी मायक्रोस्कोप बंद केला आणि विचारलं, "पिसवा कधीपासून आहेत?"

मी म्हटलं, पिसवा नाहीतच. ठकी घराबाहेर पाऊल टाकत नाही.

त्यांनी वाद घातला नाही. बारीक दातांचा कंगवा घेतला, ठकीच्या शेपटीच्या वरच्या भागातून आणि मानेवरून फिरवला आणि कंगव्यात आलेली धूळ ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकली. जिवंत पिसू एकही नव्हती. काळे कण मात्र होते. बघता बघता त्या कणांभोवती तांबूस-लाल वर्तुळं पसरली. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे ठकीचंच पचलेलं रक्त. माती असती तर पाणी मातकट झालं असतं. मांजर दिवसाचा मोठा भाग अंग चाटण्यात घालवतं, त्याची जीभ खरखरीत, त्यामुळे अंगावरच्या बऱ्याच पिसवा ते स्वतःच गिळून टाकतं. पिसू दिसत नाही ती याच कारणाने, आणि पट्टकृमी होतो तोही याच कारणाने.

या जंताचा प्रवास एकदा समजला की पुढचे सगळे उपाय आपोआप सुचतात. तुकडा फुटतो, अंडी अंथरुणात किंवा गालिच्यात पडतात. ती मांजराने थेट गिळली तर काहीच होत नाही. एका मांजराचा जंत दुसऱ्या मांजराला थेट लागत नाही तोही त्यामुळेच. अंडी खायला पिसूची अळी लागते. मोठी पिसू हे काम करू शकत नाही, कारण तिचं तोंड फक्त रक्त शोषण्याचं. अळी मात्र जमिनीवरचं बारीकसारीक काहीही खाते आणि त्यात ही अंडी जातात. अळीचा कोष होतो, कोषातून पिसू निघते, तिच्या पोटात जंताचं बाल्यरूप तयार होत जातं. ती पिसू मांजराच्या उबदार अंगावर येते, मांजर ती चाटून गिळतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत नवे तुकडे बाहेर पडायला लागतात. मांजर-कुत्र्यांच्या अंगावरची चावणारी ऊ हीसुद्धा हा जंत वाहू शकते. किंबहुना शोध आधी उवेचा लागला, १८६९ साली, मेल्निकोव्ह यांच्या हातून. पिसूची भूमिका त्यानंतर ग्रासी आणि रोवेली यांनी उलगडली. सव्वाशे वर्षांहून अधिक जुनं हे ज्ञान आहे, तरी आजही बहुतेकांना जंत म्हटलं की खाण्यातून झाला असेल असंच वाटतं.

आता गोळी. औषधाचं नाव प्राझिक्वांटेल. १९७० च्या दशकात जर्मनीत बायर आणि मर्क या कंपन्यांनी ते शोधलं. माणसांतल्या शिस्टोसोमियासिस या कृमींच्या आजारावरही हेच औषध चालतं. पट्टकृमीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा घुसवून ते त्याचे स्नायू आखडवतं, त्याची बाहेरची कातडी फाडतं, आणि मग आतड्यातले पाचकरसच त्याला खाऊन टाकतात. त्यामुळे गोळी दिल्यावर लांबलचक मेलेला जंत शीत पडेल अशी वाट बघू नये. बहुधा काहीच पडत नाही. सासूबाई दुसऱ्या दिवशी ट्रे पाहून म्हणाल्या, "औषध लागू पडलं नाही." लागू पडलं होतं. जंत पचला होता.

मात्रा वजनावर ठरते. तोंडावाटे द्यायची तर साधारण दर किलोला ५ मिलिग्रॅम, पण नेमकी डॉक्टरांनीच ठरवायची, कारण बाजारातल्या गोळ्या एकाच औषधाच्या नसतात, मिश्रणाच्या असतात. वजन घरीही घेता येतं: मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग एकटीने उभं राहायचं, वजाबाकी करायची. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जंताच्या औषधाच्या वेष्टनावर कोणत्या जंतावर चालतं ते वाचायचं. पायरँटेल गोलजंतावर चालतं, पट्टकृमीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. फेनबेंडाझोल उंदरांतून येणाऱ्या पट्टकृमीवर चालतं, पिसवांतून येणाऱ्यावर नाही. "जंताचं औषध दिलं होतं, तरी गेले नाहीत" ही तक्रार ऐकली की मी आधी विचारते, कोणतं औषध? अगदी लहान, सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच देऊ नये.

गोळी देणं हे वेगळंच प्रकरण. प्राझिक्वांटेल कडू असतं. गोळी तोंडात फुटली किंवा जिभेवर रेंगाळली की मांजर तोंडातून फेस काढतं, लाळ गळते, आणि बघणाऱ्याला वाटतं विषबाधा झाली. ती झालेली नसते, ती चव असते. म्हणून गोळी शक्यतो कुस्करायची नाही. ठकीला मी टॉवेलमध्ये गुंडाळलं, फक्त डोकं बाहेर. डाव्या हाताने डोकं वरून धरून नाक वर केलं, म्हणजे खालचा जबडा आपोआप थोडा सैल पडतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने जबडा खाली, गोळी जिभेच्या मुळाशी, तोंड बंद, गळ्यावरून हळूहळू बोट. तिने नाक चाटलं की समजायचं गोळी गेली. लगेच मागून सिरिंजने थोडं पाणी दिलं, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून राहू शकते. वाचायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात गोळी एकदा सोफ्याखाली गेली, एकदा माझ्या बाहीत सापडली. डॉक्टरबाईंनी आधीच पर्याय सांगून ठेवला होता: ज्यांचं मांजर गोळी घेतच नाही, त्यांच्यासाठी मानगुटीवर टाकायचे थेंबही मिळतात, त्यातलं प्राझिक्वांटेल कातडीतून शरीरात जातं. इंजेक्शनही असतं.

गोळीचा परिणाम लवकर झाला. तुकडे बंद झाले. बहुतेक जण इथेच थांबतात. मग काही आठवड्यांनी पुन्हा तोच दाणा दिसतो आणि औषधाला नावं ठेवली जातात. प्राझिक्वांटेल शरीरात टिकून राहत नाही. आतडं रिकामं करतं आणि दोन-तीन दिवसांत निघून जातं. त्यानंतर मांजराने बाधित पिसू गिळली की सगळं पहिल्यापासून सुरू. औषधाला दाद न देणारा जंत अगदीच नसतो असं नाही. अमेरिकेतल्या कुत्र्यांत डिपिलिडियम असा औषधाला पुरून उरल्याची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. पण तुकडे पुन्हा दिसले तर आधी संशय पिसवांवर घ्यायचा, कारण तेच कितीतरी जास्त वेळा खरं असतं.

तर पिसवा. पट्टकृमीच्या उपचारातलं खरं काम हेच आणि माझा बहुतेक वेळ यातच गेला. घरातल्या पिसवांपैकी मांजराच्या अंगावर असतो तो जेमतेम ५ टक्के हिस्सा. बाकी ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोष या रूपांत घरात पसरलेले. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असतात, केसांवरून घसरून पडतात, म्हणजे मांजर जिथे झोपतं आणि जिथून उडी मारतं तिथे त्यांचा साठा होतो. अळ्यांना उजेड नको असतो, त्या फटींत, गालिच्याच्या मुळांशी, सोफ्याच्या गादीखाली सरकतात. आणि कोष हा तर सगळ्यांत चिवट. चिकट रेशमाला धूळ लागून तो दिसेनासा होतो, फवारणी त्याच्या आत पोचत नाही, आणि आतली पिसू महिनोन्‌महिने वाट बघू शकते. हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर. बंद घर उघडल्यावर एकदम पिसवा चावायला लागतात ते त्यामुळेच.

त्या कशा आल्या असतील याचं उत्तर घरातच होतं. आमचा दुसरा मेंबर, बोकोबा. तो जेवायला आणि झोपायला घरी, बाकी वेळ बाहेर. डॉक्टरबाई म्हणाल्या, घरातल्या प्रत्येक मांजराला आणि कुत्रा असेल तर त्यालाही, एकाच दिवशी पिसवांचं औषध. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही, तर ते न दिल्यासारखंच. औषधांत पर्याय बरेच आहेत: सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड, फ्ल्युरालानर वगैरे. आम्ही थेंबांचा प्रकार निवडला. केस बाजूला सारून, मानगुटीच्या वरच्या भागात, जिथे जीभ पोचत नाही तिथे, थेट कातडीवर. ओलं असेपर्यंत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं, एकमेकांना चाटू नये म्हणून.

इथे एक इशारा मी मुद्दाम मोठ्याने देते. शेजारच्या काकूंनी प्रेमाने त्यांच्या कुत्र्याचे उरलेले थेंब देऊ केले. "औषध तेच गं, पिसवांचंच." वेष्टनावर परमेथ्रिन लिहिलं होतं. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराच्या यकृताला नीट मोडून निष्प्रभ करता येत नाही. मांजर थरथरायला लागतं, झटके येतात, जीवही जातो. ते थेंब लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणंसुद्धा मांजराला बाधू शकतं. काकूंचे आभार मानले आणि ठकी-बोकोबाला त्यांच्या कुत्र्यापासून काही दिवस लांब ठेवलं.

घराची सफाई म्हणजे शोभेची सफाई नव्हे. अंथरुणं, उशांचे अभ्रे, खुर्चीवरची चादर ६० अंशांच्या पाण्यात. व्हॅक्यूम क्लीनर रोज, आणि तो सोफ्याच्या फटी, भिंतीच्या कडा, पलंगाखाली. खोलीच्या मधोमध फिरवून उपयोग नाही. व्हॅक्यूमने अंडी-अळ्या निघतातच, शिवाय त्याच्या कंपनाने कोषातल्या पिसवा बाहेर येतात आणि मग औषध लावलेल्या मांजरावर चढून मरतात. पिशवी लगेच बांधून घराबाहेर. फवारणी घेतलीच तर ती अंडी-अळ्यांची वाढ रोखणारी, मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सीफेन असलेली, आणि वाळेपर्यंत मांजरं खोलीबाहेर.

मधल्या काळात एक टप्पा असा आला की पिसवा कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारख्या वाटल्या. सासूबाईंच्या पायावर चट्टे उठले. औषध फसलं असा निष्कर्ष काढायचा मोह होतो तो नेमका इथे, आणि लोक औषध बदलत बसतात. पण हे आधीच्या कोषांतून निघालेलं उरलंसुरलं सैन्य असतं, त्यांना थांबवायचा उपाय नाही. ते निघणार, मांजरावर चढणार आणि अंडी घालायच्या आत मरणार. म्हणून पिसवांचं औषध निदान तीन महिने न चुकता द्यायला सांगतात. आम्ही दिलं. हळूहळू कंगव्यात काळे कण येणं थांबलं. मधे एकदा डॉक्टरबाईंनी प्राझिक्वांटेल पुन्हा दिलं, कारण पिसवा संपण्याआधी ठकीने एखादी गिळलेली असणारच.

आता लेकीचा प्रश्न. डॉक्टरबाईंचं उत्तर सरळ होतं. माणसाला हा जंत होऊ शकतो, आणि होतो तो बहुतेक लहान मुलांनाच, पण मांजराच्या शेपटीखालच्या दाण्यापासून नाही. त्यासाठी बाधित पिसूच गिळली जायला हवी. हे क्वचित घडतं, आणि घडलं तर बालरोगतज्ज्ञांकडे उपाय आहे, तोही प्राझिक्वांटेलचाच. मुलांच्या बाबतीत मला जास्त काळजी गोलजंताची वाटते, असंही त्या म्हणाल्या, कारण त्याची अंडी मातीतून आणि लिटरमधून थेट तोंडात जाऊ शकतात. तेव्हा लिटरला हात लावला की साबणाने हात धुणं हा नियम पट्टकृमी असो-नसो पाळायचा. सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. ठकीची हकालपट्टी टळली. लेकीने मात्र पुढचे कित्येक दिवस प्रत्येक पांढऱ्या कणाकडे बोट दाखवून "हा हलतो का?" विचारलं.

बोकोबाची कथा वेगळी. पिसवा घरातून गेल्यावर, सगळं शांत झाल्यावर, त्याच्या शेपटीखाली तुकडा दिसला. आपण एवढं सगळं केलं ते वाया गेलं असं वाटून मी वैतागले. पण डबीत ठेवून भिंगातून पाहिलं, तर हा तांदळाचा दाणा नव्हता. रुंद, चौकोनी, दुधट पांढरा. डॉक्टरबाईंनी पाहून सांगितलं, छिद्र एकाच कडेला आहे. दाबून पाहिला तर अंडी सुटी, गोल, जाड कवचाची, पिशव्या नाहीत. टीनिया टीनियाफॉर्मिस. हा पिसवांतून येत नाही, उंदरांतून येतो. उंदीर जमिनीवरची अंडी खातो, जंताचं बाल्यरूप त्याच्या यकृतात गाठ करून राहतं, मांजर उंदीर खातं आणि जंत मांजराच्या आतड्यात वाढतो. तुकडे दिसायला महिन्याहून जास्त काळ लागतो.

गोळी तीच, मात्रा वजनाप्रमाणे. पण गोळीनंतरचं सगळं निराळं. चादरी उकळून, पिसवांचे थेंब वाढवून इथे काहीही साधणार नव्हतं. बोकोबाच्या शिकारीचं काय करायचं एवढाच प्रश्न. डॉक्टरबाईंनी मला खोटी आशा दाखवली नाही. शिकार करणाऱ्या मांजराला ठरावीक अंतराने पट्टकृमीचं औषध देत राहायचं, बोकोबासाठी त्यांनी तीन महिन्यांचं अंतर ठरवलं. कोल्ह्यांमध्ये इकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा आणखी एक पट्टकृमी आढळतो त्या भागांत तर ते महिन्याला देतात, कारण त्या जंताची अंडी माणसाला खरोखर धोकादायक असतात. तो जंत स्वतः काही मिलिमीटरचाच असतो, त्याचे तुकडे डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. शेपटीखाली जो ठसठशीत दिसतो तो वेगळा.

शिकार कमी करायचे उपायही मी करून पाहिले. एक्सिटर विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२१ मधला अभ्यास सांगतो, की भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. बोकोबाचं खाणं बदललं, संध्याकाळी दोरीला पीस बांधून त्याच्याशी खेळायला लागले. खेळ त्याला आवडला. उंदीर किती कमी झाले हे तोच जाणे, तो हिशोब देत नाही. गोळी मात्र त्याला देणं अशक्य आहे, म्हणून त्याला मानगुटीवरचे थेंब, आणि कॅलेंडरवर त्याच्या नावाची खूण.

अलीकडेच ठकीच्या खुर्चीवर पुन्हा एक तुकडा सापडला. मी पिसवांचा कंगवा काढायला उठले, पण आधी भिंग घेतलं. चौकोनी, रुंद, एकाच कडेला छिद्र. घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या ठकीने उंदीर खाल्ला होता. डॉक्टरबाईंनी हिशोब सांगितला, तुकडे आता दिसतायत म्हणजे उंदीर खाऊन महिना तरी उलटलेला आहे. बोकोबाने आणून दिला की ती स्वतः स्वयंपाकघरात दबा धरून बसली, हे कळायला मार्ग नाही. कंगवा तरीही फिरवला, टिश्यू पांढराच राहिला. तेव्हा या खेपेला चादरी धुतल्या नाहीत, व्हॅक्यूम नेहमीइतकाच फिरवला. ठकीचं वजन पुन्हा घेतलं, तर ती मधल्या काळात चांगलीच वाढलेली, म्हणजे जुनी मात्रा पुरली नसती. गोळी दिली, आणि संध्याकाळी सासूबाई आणि मी मिळून सिंकखालच्या पाइपाभोवतीची फट बुजवायला बसलो.

"म्हणजे घरात उंदीर होता," सासूबाई म्हणाल्या, "आणि आपल्याला पत्ताच नाही." मग ठकीकडे बघून म्हणाल्या, "हिला ठाऊक होतं."